लाल दिवा

कॉलर माईक घेऊन मी जरा पुढं वाकलो, तर म्हातारीनं खुरपं उचललं.

"ए बाबा, मागं सर. पदराला हात लावतो का?"

"मावशी, माईक लावून राहिलो. कॉलरला लावतेत."

"मला हाय का कॉलर?"

समद्या बाया हसल्या. मीच तेवढा हसलो न्हाई. दुसऱ्याच्या डायलॉगवर हसायची मला सवय न्हाई.

मी दत्ता, उमरीचा साउंडवाला. हळद, वरात, जयंती, पुढाऱ्याची सभा, जिथं आवाज तिथं मी. शाळा चौथीत सुटली. गुरुजी म्हणले, हा वर्गात नसला तर वर्ग चांगला हाय. पण माईक हातात आला की मांडव हसवतो. हळदीत नवऱ्या मुलाच्या मामाची अशी मजा घेतो की मामाच येऊन मिठी मारतो. अख्खा तालुका हसतो. घरी मंगल, म्हणजे माझी बायको, समदं ऐकून घेती अन् म्हणती, "झालं का? ताट वाढू?"

तर हे काम आलतं नांदेडच्या कॉलेजातून. तिथं प्रतिभाताई म्हणून प्राध्यापक हायत, महिला अभ्यास केंद्राच्या. पहिल्याच दिवशी मी म्हणलं, "ताई, बायकांचा अभ्यास मीबी लग्नापासून करून राहिलो, अजून पास न्हाई झालो." ताई म्हणल्या, "पुस्तक उघडलं का कधी?"

त्यांच्यासंगं आवा मॅडम होत्या. सेनेगल म्हणून आफ्रिकेत देश हाय, तिथल्या. उंच, काळ्याभोर, डोक्याला पिवळा रुमाल. बोलायच्या फ्रेंच, ताईसंगं इंग्रजी. फ्रेंच म्हणजे फ्रान्स, एवढंच मला ठावं. ताईनं सांगितलं, तिकडं आफ्रिकेत लई देशांत फ्रेंच चालती, कॅनडातबी एका भागात चालती. या मॅडमच्या मैत्रिणी त्या समद्या जागी एकच प्रश्न इचारत हिंडत होत्या. आता तो मराठवाड्यात आलता, अन् आम्ही गाडीतून गावोगाव बायांच्या घरी.

प्रश्न कोणता? पुरुष जवळ नसताना बाया कशावर हसतात.

मी म्हणलं, हसवायचं डिपार्टमेंट तर माझं! गाडीतच मॅडमला मामाचा जोक सांगितला. ताईनं इंग्रजी करून दिला. मॅडमनं मान डोलावली अन् इचारलं, "यात मामी कुठं होती?"

मामी? जोकमधी मामी नव्हतीच.

आता माईकचा प्रश्न. कॉलर माईक म्हणजे करंगळीच्या नखाएवढा माईक, चिमट्यानं गळ्याजवळ लावायचा. तो लावायला बाई पाहिजे, अन् ताई-मॅडमचे हात वही-पेनात. ताई म्हणल्या, "दत्ताभाऊ, वहिनी येतील का?" मी फोन केला. स्वतःच्या हातानं केला, हे ध्यानात ठेवा.

मंगल आली. दोन चिमटे लावायला शिकली अन् तिथून पुढं माझा भाव उतरला.

बाया तिला आत बोलवायच्या, दार लागायचं, मी बाहेर. रेकॉर्डिंगची मशीन मी कुणाच्या हातात देत न्हाई, म्हणून तोड काढली. माईकची वायर खिडकीतून बाहेर, मशीन माझ्या मांडीवर, मी लिंबाखाली बाजेवर. पण हेडफोन ताईनं काढून घेतला. म्हणल्या, "बायांना शब्द दिलाय. पुरुष ऐकणार नाही. तुम्ही फक्त दिवे बघा."

मशीनवर दिव्यांची ओळ असती. हळू बोललं की हिरवे लागतात, जोरात बोललं की पिवळे. आवाज लईच वर गेला की लाल. लाल लागला की आपण लेवल थोडी कमी करायची. एवढंच काम. भिताडातून भुणभुण यायची, शब्द एक न्हाई. बाया आत हसायच्या अन् मी मांडीवर लाल दिवे बघायचो.

माझ्या हळदीत एवढे लाल कधी लागले नव्हते. मनात पहिला खडा तिथंच पडला.

परतताना गाडीत मंगल खिडकीकडं तोंड करून एकटीच हसायची.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"काय सांगितलं त्या म्हातारीनं?"

"सांगायचं नसतं. शब्द दिलाय."

"मी नवरा हाय तुझा."

"म्हणूनच."

मागच्या सीटवर आवा मॅडम अन् ताई गप बसल्या, पण मला ठावं, गप बसून हसत होत्या. मॅडम तिला आता 'मंगाल' म्हणायच्या, अशा मायेनं की मला माझ्याच बायकोचं नाव नवीन वाटाया लागलं. दुपारी दोघी एका ताटात खायच्या. भाषा एकीची एकीला येत न्हाई, तरी हातवारे करून करून हसायच्या. मला मराठी येती, उर्दू येती, तेलगूत शिव्या येतात. माझ्यासंगं कोण बसंना.

मग कोळी घरातली एक बाई यायची होती, ती आली न्हाई. तिच्या म्हशीला दिवस भरले होते. मॅडमनं मंगलकडं बोट केलं. "मंगाल."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं लाजून न्हाई म्हणल. तिनं चिमटा उचलला, स्वतःच्या पदराला लावला अन् दार लावून घेतलं.

मी बाजेवर. मांडीवर मशीन.

हिरवा. हिरवा. नाव-गाव सांगत असल. मग पिवळा. हिरवा. मग एकदम लाल! मी घाबरून लेवल कमी केली. तरी लाल! कोण हसतंय? माईक तर मंगलच्या गळ्याशी हाय. म्हणजे मंगलच.

माझी बायको एवढ्या जोरात हसती, हे मला दिव्यावरून कळलं.

दुसरा गडी असता तर भांडलो तरी असतो. भांडू कुणासंगं? आत दोन प्राध्यापक अन् शेजारच्या चार बाया. कशावर हसून राहिली ही? माझ्यावर? अन् माझ्यावर न्हाई, तर मग कुणावर?

खिशात मोबाईलचा इअरफोन होता. मनाला म्हणलं, दत्ता, एवढा लाल लागतोय, आवाज फाटत असल, चेक करणं आपलं काम हाय. मनानंबी लगेच होय म्हणलं. इअरफोन काढला, मशीनच्या भोकात घातला. बसंना. दाबला. बसला.

कानात काहीच न्हाई. दिवेबी गेले.

म्हणलं, गप झाली वाटतं. माझ्यावर बोलायची वेळ आली असल अन् जीभ धजत नसल. बरं वाटलं मला. शेवटी बायको हाय. मी तसाच बसून राहिलो, काळ्या दिव्यांकडं बघत, तिच्या गप बसण्यावर खूश.

अन् भिताडापलीकडून असं हसू फुटलं की लिंबावरचे कावळे उडाले.

एका कानातला इअरफोन गळून पडला. समद्या बाया हसत होत्या, त्यात मंगलचं हसणं येगळं ऐकू येत होतं. मी मशीनकडं बघितलं. एक दिवा न्हाई. लाल न्हाई, हिरवा न्हाई.

इअरफोन दाबताना शेजारचा माईकचा जॅक, म्हणजे वायरीच्या टोकाची पिन, अर्धा बाहेर आलता.

मी तो जल्दी जल्दी आत दाबला. दिवे आले. पण तवर आतलं संपलं होतं. हिरवा. हिरवा. "चहा घ्या" एवढंच असल.

ताई बाहेर आल्या. हेडफोन लावून ऐकलं. मग माझ्या गळ्यातला इअरफोन बघितला.

"नेमकी गोष्ट सुरू झाली अन् पुढं काहीच नाही, दत्ताभाऊ."

मॅडम बाहेर आल्या. ताईनं सांगितलं. मॅडम मंगलला हात जोडून म्हणल्या, परत एकदा सांगशील का?

मंगल माझ्याकडं बघतच होती. म्हणली, "न्हाई. तीच गोष्ट परत सांगितली की हसू येत न्हाई. यांना इचारा, हे रोज तेच करतेत."

ताईनं इंग्रजी केलं. आवा मॅडम बाज धरून हसल्या. माझ्यावर पहिल्यांदा हसल्या, अन् जोक माझा नव्हता.

मॅडमचं पुढचं काम इस्लापूरकडं होतं. ताईनं खिशात मावणारा रेकॉर्डर आणला. वायर न्हाई, जॅक न्हाई, अन् दत्ताबी न्हाई. मंगल एकटी त्यांच्यासंगं गेली. मी उमरीत एका हळदीला मामाचा जोक सांगितला. मांडव हसला. मलाच मधी वाटाया लागलं, मामी कुठं हाय?

ती परत आली तवा मी भाकरी टाकून ठेवल्या होत्या, नकाशासारख्या. जेवताना इचारलंच.

"त्या दिवशी माझ्यावर हसली का?"

"तुमच्यावर न्हाई म्हणलं तर बरं वाटल का?"

मी घास हातात धरून इचार केला. बरं न्हाई वाटलं.

मग एका सकाळी ती भाजी चिरत होती, तवा मशीन फळीवर ठेवली, माईक जोडून चालू केली अन् माझा आजवरचा सगळ्यात भारी जोक सांगितला. मामीसकट. दिव्यांवर नजर. हिरवा. हिरवा. अन् एकदम लाल!

कुकरची शिट्टी होती.

"झालं का?" मंगल म्हणली. "ताट वाढू?"

साउंडच्या धंद्यात असलेल्यांसाठी एकच सांगतो. रेकॉर्डिंग चालू असताना जॅकला हात लावू नये.