उजेडात धरलेली नोट

माझे सांगलीतले शेजारी मूळचे विट्याचे. सोनं गाळण्यात त्यांचा जन्म गेला. भाजीवालीनं दिलेली नोटही ते दोनदा उजेडात धरतात. पण बँकॉकच्या सहलीत रस्त्यावर कुणीतरी "पाव्हणं, कुठलं म्हनायचं?" विचारलं आणि ते विरघळलेच. रुपयांना बँकेपेक्षा जास्त भाव मिळतोय म्हणून, मी नको म्हणत असताना त्याच्यामागं बोळात गेले आणि थाई नोटा घेऊन आले.

पुढच्याच दुकानात दुकानदारानं त्यांची नोट दिव्याखाली धरली आणि फोन उचलला. शेजाऱ्यांनी माझं मनगट पकडलं.

"सोनं असतं तर घासून बघितलं असतं, गड्या. आपल्याकडचं बोलणं कशावर घासायचं?"

दारात पोलीस आला, तेव्हा त्यांचा दुसरा हात माझ्या पिशवीत उरलेल्या नोटा कोंबत होता.