संक्रांतीसाठी थांबलेले डबे

आईचा उजवा हात मोडला तो अगदी साध्या रीतीने. ती खुर्चीवर बसायला गेली आणि खुर्ची जरा मागे होती. मनगटाला प्लास्टर लागलं आणि दादाने पुण्याहून फोनवरच निकाल देऊन टाकला. "संक्रांतीपर्यंत बघू. तिचं तिथं नीट चाललं तर ठीक, नाहीतर मी येऊन तिला इकडे घेऊन जातो." नीट चालणं म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही, पण आम्हाला तिघांनाही ते माहीत होतं. गल्लीतली माणसं तिच्याकडे येत-जात असतील तर ती राहील, नसतील तर जाईल.

आईला जायचं नव्हतं. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, खासगी बाजारात, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या आहेत. शाळेतून रिटायर झाली तरी गल्लीतली अर्धी पोरं तिला अजून बाईच म्हणतात. पुण्यात दादाच्या सोसायटीत लोक तिच्या बोलण्याला हसतात. तिने "सब्जीत नमक जास्त झालं" म्हटलं की सुनेच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघतात, आणि मग आई दिवसभर गप्प बसते. माझ्याकडे, याच शहरातल्या थाटीपुरात, ती येणार नाही, कारण जावयाच्या घरी पाहुणी म्हणून जायचं, राहायला नाही. हे तिचं ठरलेलं आहे आणि त्यावर वाद घालण्यात मी बरीच वर्षं फुकट घालवली आहेत. म्हणून मीच लॅपटॉप घेऊन रोज सकाळी तिच्याकडे जाऊन बसू लागले.

माझं काम सांगताना लोक लगेच जांभया देतात, तरी सांगते. नेटवर्कवरून माहिती येते ती पॅकेटांमधून. पॅकेटावर पत्ता असतो आणि आत माल असतो. एरवी पत्ता आणि माल दोन्ही आधी कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीत उतरतात आणि मग माल उचलून जिथं हवा तिथं नेतात. आम्ही ही उचलाउचल बंद करत होतो. पत्ता तेवढा साध्या मेमरीत घ्यायचा आणि माल थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत सोडायचा. गंमत अशी की मग मधल्या कोणालाच माल दिसत नाही. कॉम्प्युटर पॅकेट मोजतो, ओळीत लावतो, पुढे सरकवतो, पण आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही. चुकून वाचायला गेला तर कोसळतो.

माल घेणारा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. तो पहिल्यांदा झकास चालायचा, मग हळू व्हायचा आणि मग ठप्प. बंद करून परत सुरू केला की पुन्हा झकास. मशिनं बेंगळुरूला, मी इथे आईच्या जेवणाच्या टेबलावर. तिकडचा सहकारी रोज केबलला दोष द्यायचा. केबल बदलली, कार्ड बदललं, तरी तेच. पॅकेट पकडून बघावं तर नुसते पत्ते दिसायचे, आत अंधार. मला न दिसणाऱ्या गोष्टींचा मनस्वी राग येतो, आणि तो राग मी त्या दिवसांत चहावर काढत होते.

इकडे आईच्या घरीही शांत होत चाललं होतं. हात मोडला त्या आठवड्यात डबे नुसते येत होते. समोरच्या भाभीकडून मटार-बटाटा, वरच्या मजल्यावरून कढी, कोपऱ्यावरच्या काकूंकडून एका पितळी वाटीत साजूक तुपातला शिरा. या काकू आपल्यातल्याच, मराठी घरातल्या, आईच्या जुन्या मैत्रीण, रोज सकाळी देवळातून येताना जिन्याखालून हाक मारायच्या. मग डबे कमी झाले. मग बंद झाले. काकूंची हाकही बंद झाली. आई म्हणाली, "लोकांना आपापली कामं असतात गं." पण जिन्यावर पाऊल वाजलं की तिची मान दाराकडे वळायची. पाऊल पुढे निघून गेलं की ती पेपर उलटा-सुलटा करत बसायची. मला ते बघवत नव्हतं. दादा फोन करून विचारायचा, "कोणी येतं का?" आणि मी म्हणायचे, "येतात की." ही थाप किती दिवस टिकणार होती, देव जाणे.

एका दुपारी मी केबलचा नाद सोडला आणि ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मोकळी जागा किती उरते ते बघत बसले. ही जागा तुकड्यातुकड्यांची असते. एका तुकड्यात माल उतरला, तो वापरून झाला, की घेणाऱ्याने सांगायचं असतं, झालं माझं, घ्या परत. तसं सांगितल्याशिवाय तो तुकडा कोणाला मिळत नाही. मोकळे तुकडे कमी कमी होत गेले आणि माझ्यासमोर संपले. येणाऱ्या पॅकेटांना उतरायला जागाच नव्हती, ती दारातच टाकून दिली जात होती. पाठवणाऱ्याला वाटत होतं रस्ता खराब आहे, म्हणून तो आपला वेग कमी करत होता.

तुकडे परत का जात नव्हते? कारण मी तसं लिहिलं होतं. उत्तर पाठवायचं असेल तेव्हा त्याच्याबरोबर तुकडेही परत द्यायचे, असं. एक फेरी वाचते, असं मी तेव्हा सगळ्यांना पटवलं होतं. पण खरं सांगायचं तर मला तसं वागणंच बरं वाटलं होतं. घेतलं आणि नुसतंच परत केलं, हे माझ्या हातून होत नाही. आणि या कामात उत्तरं जवळजवळ नव्हतीच, माल नुसता येतच होता.

दोन ओळी बदलल्या आणि चहा टाकायला उठले. कप सापडेना म्हणून वरच्या फळीकडे हात गेला, तर तिथे घासूनपुसून लख्ख केलेले डबे एकावर एक रचलेले. त्यांच्या शेजारी पितळी वाटी.

"त्यांना हात लावू नकोस," आई आतून म्हणाली. "लोकांचे आहेत ते."

"मग इथे काय करतायत?"

"खाली डबा, रिकामाच, कसा परत करू? संक्रांतीपर्यंत हात सुटेल. गूळपोळ्या करीन आणि सगळ्यांचे भरून पाठवीन."

मला अशा जुळून येणाऱ्या गोष्टींची चीड आहे. पुस्तकात आल्या असत्या तर मी पान उलटलं असतं. पण मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

"आई, त्यांच्याकडे डबेच राहिले नसतील. आणि आपला डबा परत द्या म्हणून कोण मागायला येतं? तू त्या जागी असतीस तर गेली असतीस?"

"मी? छे."

"मग त्यांना काय वाटत असेल?"

ती बराच वेळ प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत बसली. मग उठून साखरेचा डबा काढला आणि डाव्या हाताने प्रत्येक डब्यात आणि त्या वाटीत चमचाभर साखर टाकली. निम्मी ओट्यावर सांडली. मी मदतीला गेले तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. "खाली नाही देणार," म्हणाली. मी म्हटलं, बाई, साखर तर साखर.

डबे घेऊन मीच निघाले. समोरच्या भाभीने दार उघडलं, डबा बघितला आणि तिथेच उभी राहिली. "हमें तो लगा आंटीजी को हमारे हाथ का जमता नहीं," ती म्हणाली. "संकोच में कुछ बोल नहीं रहीं, बस डिब्बा रख लेती हैं." मी तिला प्लास्टर, गूळपोळ्या, सगळं सांगितलं. ती हसली नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "इतनी सी बात." वरच्या मजल्यावरही थोड्याफार फरकाने हेच झालं.

कोपऱ्यावर काकूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या किराणावाल्याने सांगितलं की मुलगा येऊन त्यांना नोएडाला घेऊन गेला, आता इकडे येणं कठीण. "जाने से पहले आपकी सीढ़ी तक गई थीं," तो म्हणाला. "फिर लौट आईं. बोलीं, वो नाराज़ है शायद, कटोरी भी नहीं भेजी."

वाटी तशीच घेऊन मी परत आले. आईला खोटं सांगावं असं जिन्यावर एकदा मनात आलं, पण तिने माझ्या हातात वाटी बघितली होती. मी जसं ऐकलं तसं सांगितलं. ती खुर्चीत बसून होती. वाटीतली साखर तिने परत डब्यात ओतली, एकेक दाणा बोटाने पुसून.

"तिला गूळपोळी फार आवडते," ती म्हणाली. "पहिली तिचीच वाटी भरणार होते."

मला रडू आलं. मी कामाचं निमित्त करून लॅपटॉप उघडला. बेंगळुरूची मशिनं न अडखळता चालू होती, मोकळे तुकडे जात होते आणि येत होते. सहकाऱ्याचा निरोप आला होता की केबलच खराब होती, बघ. मी त्याला काही कळवलं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आईने तो माझ्या हातून घेतला. "तिकीट काढू नकोस," ती म्हणाली. "काकूंसारखं इथल्या कोणाचा निरोप न घेता निघून जायचं, असं मला नको." दादाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "आई, पण बघणारं कोण आहे तिथं?" ती म्हणाली, "बघशील."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला दार वाजलं. भाभी होती, हातात तोच स्टीलचा डबा, आत गरम मेथीची भाजी. नेहमीसारखी डबा ठेवून निघाली तर आईने तिला थांबवलं. डाव्या हाताने भाजी पातेल्यात काढली, डबा नळाखाली धरला, धुतला आणि पाणी निथळत असतानाच तिच्या हातात दिला.

"खाली दे रही हूँ," आई म्हणाली. "कल फिर आना."