टेकडीवरचे पहिले रहिवासी

चैत्रातल्या एका सकाळी दार उघडलं, तर कॉरिडॉरभर उदबत्तीचा मंद गंध दरवळत होता. शेजारच्या वोंग आंटी पितरांना भेटायला निघाल्या होत्या. भाद्रपदात पितरांची वाट पाहणाऱ्या मला हे वसंतातलं श्राद्ध अनोखं वाटलं. पण स्मरणाला ऋतूचं बंधन असावं तरी का?

खरं नवल असं, की त्यांच्यासोबत माझी आईही निघाली! पुण्याहून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. आमच्या बिशान उपनगरातले फ्लॅट, मेट्रोचं एमआरटी स्टेशन, शाळा, सारं एका जुन्या चिनी दफनभूमीवर उभं आहे, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं आणि तिची झोपच उडाली. "दुसरं घर बघ," एवढाच धोशा तिने लावला. मी हसण्यावारी नेलं, तेव्हा तिने थेट आंटींनाच गाठलं. "तुम्हाला इथे भीती नाही वाटत?" मी भाषांतर केलं. आंटी शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील इथेच होते. वडिलांची कसली भीती? उद्या चला, भेटवते."

वाटेत आंटी सांगत होत्या आणि सोबत निघालेली मी आईला भाषांतर करून देत होते. त्यांचे वडील सुतार. कोवळ्या वयात दक्षिण चीनमधून जहाजाने आलेले. अशा परागंदा कष्टकऱ्यांनी मिळून बिशानची ही टेकडी दफनासाठी राखली होती, ज्याचं इथे कुणीच नाही त्यालाही मूठभर माती लाभावी म्हणून! पुढे वसाहतीसाठी कबरी हलवायचं ठरलं. वडिलांची कबर उकरली गेली, तेव्हा तरुण आंटी तिथे छत्री धरून उभ्या होत्या, कारण अस्थींवर ऊन पडू द्यायचं नसतं. हात भरून आला, तरी त्यांनी छत्री ढळू दिली नाही. नंतर इथे फ्लॅट बांधले गेले, तेव्हा भावंडांचा विरोध पत्करून त्यांनी इथेच घर मागितलं. "वडील आधी राहिले, मग मी," त्या सहज म्हणाल्या.

कबरींतून हलवलेल्या अस्थी जिथे ठेवल्या होत्या, त्या इमारतीत भिंतभर लहान-लहान कोनाडे होते आणि प्रत्येकावर एकेक नाव. आंटींनी संत्री मांडली, उदबत्ती लावली. त्यांच्या वडिलांचा कोनाडा उंचावर. आंटींचा हात काही तिथे पोचेना. तेव्हा आई पुढे झाली, टाचा उंचावून तिने पदराने त्या अक्षरांवरची धूळ पुसली, आणि हात जोडून चक्क मराठीत म्हणाली, "आम्ही तुमच्या जागेत राहतोय. चालेल ना?"

आंटींनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी अर्थ सांगितला. त्या डोळे मिटून क्षणभर थांबल्या, जणू पलीकडून उत्तर येतंय. आणि मग आईचा हात हातात घेत हसल्या.

"कॅन, लाह! चालेल की! विचारलंत, म्हणून वडील खूश झालेत."

घराचा विषय आईने पुन्हा काढला नाही. मी मात्र मनातून ओशाळले: इतकी वर्षं इथे राहून मला हे विचारावंसंदेखील वाटलं नव्हतं.