दोन ब्लेडांची फट

आमच्या नावेचं इंजिन मुळात विहिरीवरचं. शेतात वीज आली, मोटर बसली आणि इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं. वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, ते बघवेना. पुढं गोदावरीवर बंधारा झाला, गावाखाली पाणी थांबायला लागलं, अन् गावातल्या कितीतरी जणांची शेतं पलीकडच्या काठाला राहिली. दादांनी पत्र्याची नाव करून घेतली आणि ते इंजिन उचलून तिच्यात बसवलं. आई म्हणाली, बरं झालं, एक पीडा पाण्यात गेली. दादा हसले. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.

त्या इंजिनाशी माझी ओळख विहिरीपासूनची. त्याच्या डोक्यावर झाकणाखाली दोन लोखंडी दांडे खाली-वर होत असतात अन् व्हॉल्व्ह दाबतात. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये, इंजिन थंड असताना, बारीकशी फट लागते. फट वाढली की टिकटिक सुरू होते. मेस्त्री लोकांकडे ती मोजायच्या पट्ट्या असतात. दादांकडे दाढीची दोन जुनी ब्लेडं होती. एकावर एक ठेवायची, फटीत सरकवायची, अन् जरा अडत-अडत निघाली की टॅपेट, म्हणजे ती फट, बराबर. ब्लेडं धरायचं काम माझं, फट पक्की करणारा चेकनट आवळायचं त्यांचं. बोट कापलं की दादा त्यावर हळद दाबायचे आणि म्हणायचे, रडायचं असंल तर आधी चेकनट आवळू दे. असा बाप. आता परतूरला माझं शिलाईचं दुकान आहे, आणि मशीन जरा खडखडलं की मी आधी कान देते, मग तेल.

या दिवाळीला माहेरी गेले तर नाव टिकटिक करत होती. चांगली काठावरून ऐकू येईल अशी. मी दादांना म्हटलं, टॅपेट वाजतोय. ते म्हणाले, हो हो, आली का लेकरं? मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हो हो म्हणाले आणि बाजरीच्या भावाचं काहीतरी बोलले. तेव्हा मला कळलं, त्यांना ऐकू येत नाही. वर्षभर फोनवरही ते असंच हो हो म्हणत होते, आणि मी वेडी समजत होते की म्हाताऱ्याला घाई आहे. आईला विचारलं तर तिचं उत्तर तयार. या माणसानं माझं कधी ऐकलंय, म्हणून मला आता फरक कळावा?

धाकट्या भावाला मात्र कळलं होतं. तो जालन्याला मस्तगडात राहतो, नोकरी करतो, शहाणा आहे. त्यानं दादांना कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण नावेत बसल्यावर त्यातून सगळं इंजिनच डोक्यात घुसतं म्हणून ते तंबाखूच्या डबीत गेलं. भाऊ फोनवर मला म्हणाला, ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्यानं माणसं वाहू नयेत. पाडव्याला येतो, नाव विकून टाकू, दोघांना इकडं घेऊन येतो. खोटं काय बोलला तो? तरी मला त्याचा राग आला. जालन्याच्या दोन खोल्यांत दादा दिवसभर काय करतील, हे काही माझ्या डोळ्यांपुढं येईना.

पाडव्याच्या सकाळी भाऊ आला तेव्हा नाव अगदी चूप चालत होती. टिकटिक नाही, काही नाही. बसलेले लोकही खूश. एक म्हातारी म्हणाली, कालपासून कसं लोण्यावानी चालून राह्यलं. भावानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मला इतका आनंद झाला की मी शंकाच घेतली नाही.

आम्ही दोघंही नावेत बसलो, अन् पाण्याच्या मधोमध इंजिनाचा दम तुटला. धुराचे दोन-तीन भपके सोडले आणि बंद. दादांनी हँडल मारलं. हँडल हलकं फिरत होतं, जोरच लागेना. थांबलेलं पाणी, जीवाला धोका नव्हता, पण लोकांचे चेहरे उतरले. भावानं वल्हं घेतलं. काठ येईपर्यंत त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. लोक उतरून गेल्यावर तो बोलला.

"बास झालं दादा. आता नाव बंद."

हे त्यांना ऐकू गेलं, किंवा तोंडावरून कळलं. ते खाली मान घालून झाकणाचे नट खोलायला लागले. इंजिन निवल्यावर मी दांडा हलवून पाहिला. तो जागचा हलेना. ब्लेड सोडा, केससुद्धा जाणार नाही इतकी फट मिटवलेली. असं आवळलं की आवाज जातो खरा, पण लोखंड तापून वाढतं, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि इंजिनाचा दम निघून जातो. हे मला शिकवलं कुणी? यांनीच. माझा तोल सुटला. मी त्यांच्या कानाशी ओरडले, एवढं आवळायला कुणी सांगितलं होतं?

दादांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला.

"लोकांनीच. मला ऐकूच येईना, माय. म्हणून प्रत्येकाला इचारलं, आता वाजतं का, आता वाजतं का. ते मानेनं हो म्हणले की मी आवळत गेलो. न्हाई म्हणले तवा थांबलो."

बाप आपल्या इंजिनाचा आवाज गावाला विचारत फिरला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाऊ पाण्याकडं बघत उभा राहिला.

दादांनी खिशातून कागदात गुंडाळलेली ब्लेडं काढली अन् माझ्यासमोर धरली. मी धरली. त्यांनी स्क्रू सैल केला, मी ब्लेडं सरकवली, ती अडत-अडत निघाली. चेकनट आवळला की फट हलते, म्हणून पुन्हा तपासलं. त्यांचे हात कुठंच चुकले नाहीत. मग भावानं फोड आलेल्या हातांनी हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. बारीक टिकटिक होती, हवी तेवढीच.

दादांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक झाकणावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. आधी त्यांचा चेहरा कोरा होता. मग डोळे मिटले. बऱ्याच वेळानं मूठ तोंडातून काढून ते म्हणाले, "हाडातून येऊन राह्यलं. चांगलं हाय."

भावानं स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, आपल्या दातांत धरला, परत दिला. नाव विकायचं त्या दिवशी कुणी काढलं नाही. पण त्यानं एक अट घातली, कानात ओरडून घातली: लोकांना खरं सांगायचं. जो माणूस कान गेल्याचं कधी आमच्या आईलाही कबूल करणार नाही, तो दुसऱ्या दिवशी नावेत उभा राहिला आणि पहिल्या खेपेलाच सगळ्यांना म्हणाला, मला ऐकू येत न्हाई. इंजिन कमी-जास्त वाजलं, कुणी हाक मारली, काही झालं, तर खांद्याला हात लावा. मी लगेच थांबवतो.

तेव्हापासून तशी रीतच पडली. मळ्यात जाणाऱ्या बाया, पलीकडचे मास्तर, ती लोणीवाली म्हातारी, सगळे. काही झालेलं नसलं तरी उतरताना दादांच्या खांद्याला हात लावून जातात. दादा दरवेळी वळून बघतात.

परत निघायच्या दिवशी मी सकाळच्या खेपेला त्यांच्या मागं बसले. अंबडची गाडी गाठायची होती, उतरल्यावर थांबता येणार नव्हतं, म्हणून काठ जवळ आल्यावरच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी झटकन इंजिन कमी केलं अन् मागं वळले.

"काय वाजून राह्यलं, माय?"

काहीच नाही, अशी मी मान हलवली. हात मात्र काढला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि नाव तशीच हळूहळू काठाला लागू दिली.