खालच्या घरातलं डाळिंब

“घाई केली का दाणा फुटते,” असं म्हणून ती डाळिंबाच्या टोकाची चकती सुरीने अलगद उचलायची. मग सालीवर जिथे उंचवटे असतात, तिथून खालपर्यंत नुसत्या रेघा ओढायची. सुरी दाण्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. दोन्ही अंगठे घालून फळ उघडलं की फाका मोकळ्या व्हायच्या, पांढरा पापुद्रा निघायचा आणि दाणे वाडग्यात पडायचे. डाळिंब सोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण अर्ध्यावर कंटाळून चमच्याने ठोकायला लागतात. ती कधी कंटाळली नाही, किंवा मला तरी ते दिसलं नाही.

आमच्या शहराच्या घमापूर भागात एका घरात आम्ही वरच्या मजल्यावर, ती आणि तिची आई खाली. तिचे वडील फॅक्टरीत होते. ते गेल्यावर दोघीच उरल्या. ती केंद्र सरकारच्या एका ऑफिसात बाबू होती, वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. चालता येईल असं डॉक्टर म्हणाले होते, पण त्या काही उठल्या नाहीत. अंगात रक्त कमी आहे, डाळिंब द्या, असंही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून रोजचं डाळिंब सुरू झालं.

सकाळी दहाला कामाला एक बाई यायची आणि चारला जायची. नंतर ही ऑफिसातून येईपर्यंत मावशी, म्हणजे तिची आई, एकट्या असत, म्हणून एक किल्ली माझ्याकडे. ही साडेपाचला यायची, हात धुऊन पलंगाशेजारी जमिनीवर पेपर पसरून बसायची. कामवालीने सोललेले दाणे दिले तर मावशी तोंड फिरवत. मोठा वाडगा आईला आणि एक लहान वाटी वर माझ्याकडे. तिची नखं कायम तपकिरी असत. सालीचा डाग साबणाने जात नाही.

नर्मदेवरचा ग्वारीघाट आमच्याकडून ऑटोने अर्ध्या तासावर. सहा वर्षांत तिने नर्मदा पाहिली नव्हती. एकदा ऑफिसातल्या बायका निघाल्या होत्या, तीही नवी साडी नेसून तयार झाली. ऐन वेळी मावशींच्या छातीत धडधडायला लागलं. तिने साडी घडी करून ठेवली आणि मला म्हणाली, “चलो, घाट काही पळून नाही चालला.”

नागपूरला बढतीवर बदली दोनदा आली. दोन्ही वेळा तिने नकार लिहून दिला. आईला गाडीत बसवणार कशी आणि तिथे दिवसभर बघणार कोण, हे तिचं म्हणणं. एकदाच, वाटी माझ्या हातात देताना, ती वेगळं बोलली. “कधी कधी वाटते वहिनी, पलंगावर मीच पडून आहो.”

त्या हिवाळ्यात एका दुपारी कामवाली गेल्यावर मी सूप घेऊन खाली गेले. किल्लीने दार उघडलं. मावशी खिडकीचे गज धरून गल्लीकडे बघत उभ्या होत्या. माझी चाहूल लागली तशा वळल्या आणि आधाराशिवाय चार पावलं चालून पलंगावर बसल्या.

किती दिवसांपासून चालता, असं मी विचारलं. दोन वर्षं झाली असतील, म्हणाल्या. मग माझा हात धरला.

“तिले सांगू नको. मी चालतो हे कळलं की ते जाईन नागपूरले. मी कोणापाशी राहू?” थोडं थांबून म्हणाल्या, “सोलाले अर्धा तास लागते. तेवढा वेळ तरी ते माह्याजवळ बसते.”

मी कबूल केलं. म्हाताऱ्या माणसाची भीती आहे, आपल्या घरचा प्रश्न नाही, अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजायची. वाटी यायची. मी दाणे खायची. असे चार महिने गेले.

मार्चमध्ये तिसरं पत्र आलं. यानंतर बढती पुन्हा मिळणार नव्हती. ती नकाराचा अर्ज घेऊन वर आली आणि त्यातली हिंदी बरोबर आहे का ते पाहा म्हणाली. मी अर्ज वाचला. तो तिला परत देववेना. मी सगळं सांगून टाकलं.

तिने अर्जाची घडी केली. मग विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“चार महिने झाले.”

“चार महिने,” ती म्हणाली. “आणि मी रोज तुम्हाला वाटी आणून देऊन राहिली होती.”

ती उतरली. मी मागोमाग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेले. तिचं दार उघडंच होतं, आतलं स्वयंपाकघर दिसत होतं. त्या दिवशी ती पलंगापाशी बसली नाही, स्वयंपाकघरात बसली. नेहमीसारखंच सावकाश एक डाळिंब सोललं, वाडगा टेबलावर ठेवला, समोरची खुर्ची ओढली.

“आई, ये. इथं येऊन खा.”

आतून मावशींचं रडणं ऐकू आलं. ती जागची हलली नाही. “मी बसून आहो,” एवढंच म्हणाली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पलंग करकरला. एकेक पाऊल वाजत आलं आणि मावशी चौकट धरून उभ्या राहिल्या. तिने आधी आईच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडावर हात दाबला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. त्या सहा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी वर निघून आले.

महिन्याभरात दोघी नागपूरला गेल्या. मावशी सगळ्या गल्लीदेखत आपल्या पायांनी ऑटोपर्यंत चालल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ती “येते वहिनी” म्हणाली, पण थांबली नाही. नंतर मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. तिचा राग मला समजतो. दोघींचाही समजतो.

परवा तिच्या नागपूरच्या ऑफिसातली एक बाई आमच्या गल्लीत नातेवाइकांकडे आली होती. मी माझ्या जुन्या शेजारणीची चौकशी केली. बाई म्हणाली, रविवारी ती एकटीच बसने कुठल्याही गावाला जाते. काम काही नसतं. संध्याकाळी परत येते.

मी विचारलं, आणि आई?

बाईला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “आईचं काय? घंटी वाजवली की दार उघडायला त्याच येतात.”