आठ युरोंचा आवाज

टूटरकाकांना कुजबुजता येत नसे. एकदा बाडहूव्हडॉर्पच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं योगायोगाने शेजारी बसलो होतो. "आपल्यातच ठेवा हं ताई," अशी सुरुवात करून त्यांनी मला आपल्या मूळव्याधीची सगळी हकीकत सांगितली. समोरच्या डच आजीबाईंनी मासिक खाली ठेवून सहानुभूतीने मान हलवली. त्यांना मराठी येत असणं शक्य नव्हतं, पण आवाजावरून दुखणं मोठं आहे एवढं त्यांना कळलं असावं.

टूटर म्हणजे डचमध्ये भोंगा. हे नाव हेंकने दिलं. हेंक म्हणजे निवृत्त ट्रामचालक, लॅक्रॉसच्या मैदानावर आमच्या स्टँडमध्ये ड्रम वाजवणारा. मराठी पोरांनी टूटरला 'काका' जोडलं आणि पोरांमुळे मीही तेच म्हणू लागले, जरी ते माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे होते. विमानतळाच्या कार्गो गोदामात ते शिफ्टचं नियोजन बघायचे. फोर्कलिफ्टच्या गोंगाटात बोलून आवाज असा झाला, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: "नाशिकरोडला खो-खो खेळलोय मी. खो खणखणीत द्यावा लागतो."

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा. काका तो नवख्या माणसाला "खो-खो आणि हॉकीचं लग्न लावलं की हे होतं" असा समजावून द्यायचे. या देशात प्रत्येक गल्लीत हॉकी खेळतात. तिथे लॅक्रॉसचा व्यावसायिक महिला संघ काढणं म्हणजे कोल्हापूरकरांना तांबड्या रश्शाऐवजी सूप पाजण्यासारखं होतं. पहिल्या काही सामन्यांना खेळाडूंच्या आया आणि त्यांची कुत्री एवढेच प्रेक्षक असत. मग क्लबने गोलच्या मागच्या उघड्या, उभं राहायच्या स्टँडचं तिकीट आठ युरो केलं आणि काकांनी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोहीम उघडली. आकडा धरण्याची त्यांची पद्धत पक्की होती. "ताई, 'नक्की येतो' म्हणजे बघू. 'बघू' म्हणजे नाही. आणि 'अरे वा, छानच' म्हणजे मेसेज वाचलेलाच नाही." तरीही हळूहळू स्टँड भरला. आमची माणसं आली, हेंकचे ट्रामवाले आले, शाळेतली पोरं आली. वरून विमान उतरत असलं तरी काकांचा आवाज विमानाच्या वर ऐकू यायचा.

ते फुकट पास घेत नसत. त्यांची मुलगी संघमित्रा, सगळ्यांची मित्रा, याच संघात राखीव गोलकीपर होती आणि खेळाडूंच्या घरच्यांना क्लब पास देई. काका तो परत करून खिडकीवर आठ युरो भरायचे. मी एकदा म्हटलं, "काका, हक्काचा पास आहे, वाया कशाला घालवता?" तर म्हणाले, "फुकट आलेल्या माणसाला ओरडायचा हक्क नसतो. आमच्याकडे नाटकाला पासवाला पहिल्या रांगेत बसायचा आणि दुसऱ्या अंकात घोरायचा. तिकीटवाला शिट्ट्या मारायचा, पण जागा राहायचा."

मित्राला त्यांनीच तयार केलं होतं आणि तेही खो-खोच्या रीतीने. खो-खोत बसलेल्या गड्याने पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं, आधी उठला तर फाउल. लायडनला घरामागच्या बागेत मित्रा पाठ करून उभी राहायची आणि काका मागून "डावी!", "उजवी!" असं ओरडायचे. आवाज आला की तिने त्या बाजूला झेप घ्यायची. लॅक्रॉसमध्ये आक्रमक खेळाडू गोलच्या मागेही पळू शकतो. गोलकीपर त्याच्याकडे वळली की पुढून कोण येतंय ते तिला दिसत नाही. काकांना मागच्या स्टँडमधून सगळं दिसायचं. ती वळली की तेही डावं-उजवं मनातल्या मनात फिरवून सांगायचे. प्रतिस्पर्ध्यांना मराठी कळण्याचा प्रश्न नव्हता. सरावाच्या सामन्यांत मित्रा कमाल करायची. कोचची तक्रार एकच होती: ही मुलगी तोंड उघडत नाही. गोलकीपरने आपल्या बचावपटूंना ओरडून जागा सांगायच्या असतात. पण मित्राला त्याची कधी गरजच पडली नव्हती. घरात बोलायचं काम एकच माणूस करत होता.

पहिला हंगाम संपत आला तेव्हा क्लबची मॅनेजर मार्लूस हिने आम्हा समर्थकांना बोलावलं. पुढच्या वर्षी आमच्या स्टँडचं तिकीट अठरा युरो करायचा मालकांचा विचार होता.

"भाडं, विमा, प्रवास. आठ युरोत भागत नाही," ती म्हणाली.

मी स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात दिवसभर हेच हिशेब बघते. भागत नाही हे मला पटलं. "पण भिजत उभं राहायला अठरा युरो कोण देईल?" मी विचारलं.

"जे खरे समर्थक आहेत ते देतील."

काका खुर्चीतून उठले. "बाई, खरा समर्थक दोन पोरं आणि बायको घेऊन येतो. अठरा चोक बहात्तर." पाढा त्यांनी मराठीत म्हटला, पण मार्लूसला तो समजला.

शेवटच्या घरच्या सामन्याला मालक प्रायोजकांना घेऊन येणार होते आणि त्यानंतर किंमत ठरणार होती. मी सुचवलं की त्या सामन्याचा पहिला क्वार्टर आमचा अख्खा स्टँड गप्प राहील. घोषणा नाहीत, ड्रम नाही, काही नाही. आठ युरोत काय मिळत होतं ते मालकांना गेल्यावरच कळेल. सगळ्यात आधी हात वर केला काकांनी. "माझा शब्द. पंधरा मिनिटं तोंडाला कुलूप." हेंक हसून म्हणाला, "टूटर गप्प बसला तर विमानं घाबरून परत फिरतील."

सामन्याच्या दोन दिवस आधी मुख्य गोलकीपरचा घोटा मुरगळला. मित्रा पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होती. तिचा करार एका वर्षाचा होता. पुढचा मिळणार की नाही, हे आता या एका सामन्यावर ठरणार होतं. आणि पहिल्या क्वार्टरला ती आमच्याच स्टँडसमोरच्या गोलमध्ये उभी राहणार होती.

काकांचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या रांगेत होते. "ताई, दुसऱ्या क्वार्टरला गप्प राहू या ना. तेव्हा ती पलीकडच्या टोकाला असेल."

"सगळ्यांना पहिला सांगितलाय काका. प्रायोजक पहिला क्वार्टर बघतात आणि मग जेवायला आत जातात. दुसऱ्याचा उपयोग नाही."

"मग मला एकट्याला सोडा."

"स्टँडमध्ये ऐकू येतो तो तुमचाच आवाज. तुम्हाला सोडलं तर उरलं काय?"

"पोरीला कसं सांगू?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं, इतकं ते त्यांनाही ऐकू गेलं होतं.

सांगायचं त्यांना जमलं नाही. मित्राला स्टँड गप्प राहणार हे माहीत होतं, पण त्यात आपला बापही आला हे तिच्या डोक्यात नव्हतं.

रविवारी दुपारी स्टँड गच्च भरला होता. हेंकने ड्रम जमिनीवर पालथा ठेवला आणि त्यावर बसला. शिट्टी झाली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी पूर्वी फक्त श्रद्धांजलीच्या सभेत पाहिली होती. जाळीत चेंडू आपटल्याचा आवाज, बुटांचा आवाज, कुठेतरी एक लहान मूल. बाजूच्या काचेच्या बंद स्टँडमध्ये महागड्या खुर्च्यांवर बसलेले मालक उठून आमच्याकडे बघायला लागले. म्हणजे नेम लागला होता.

पण समोर मित्रा खिळल्यासारखी उभी होती. पहिला हल्ला आला, प्रतिस्पर्धी गोलमागून पळाली, चेंडू पुढे दिला. मित्रा खोची वाट बघत राहिली. गोल. दुसऱ्या वेळी तेच. तिने झेप घेतली, पण चेंडू आत गेल्यावर.

काकांनी गळ्यातल्या स्कार्फचं टोक दातांत धरलं होतं. ते माझ्याकडे वळले आणि आपल्या मते कुजबुजले, "ताई, एकदाच."

अख्ख्या स्टँडने ऐकलं. मित्रानेही ऐकलं. तिचं हेल्मेट गर्रकन आमच्याकडे वळलं. हेंकने ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात तिसरा गोल झाला.

मित्रा घरात मराठी ऐकायची, पण उत्तर नेहमी डचमध्ये नाहीतर इंग्रजीत द्यायची. चारचौघांत तिच्या तोंडून मराठी शब्द मी ऐकलेला नव्हता. आता ती गोलच्या जाळीतून आमच्याकडे बघून ओरडली, "बाबा, बोला ना!"

आजूबाजूच्या डच लोकांना शब्द कळले नाहीत, अर्थ सगळ्यांना कळला. एक आजोबा डचमध्ये म्हणाले, "अरे, बोलू दे की त्याला." दुसऱ्याने त्यांना दटावलं. काकांचं तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं. आणि ते वळले. मैदानाकडे पाठ करून, स्टँडच्या मागच्या पत्र्याला कपाळ टेकून उभे राहिले. दिसलंच नाही तर ओरडायचं काय, हा त्यांचा उपाय.

मित्राने तो उपाय पाहिला. मग काठी दोन्ही हातांत घट्ट धरून पुढे तोंड केलं.

पुन्हा हल्ला आला. आणि एक आवाज फुटला. डचमध्ये, खरखरीत, चिडलेला: डावीकडे जा, तिला धर, मागे आहे ती, मागे! बचावातली मुलगी दचकून पळाली. चेंडू आला आणि मित्राच्या काठीच्या जाळीत अडकला.

"कोण ओरडतंय?" काकांनी पत्र्याला विचारलं.

"तुमचीच," मी म्हटलं.

"काय झालं?"

"अडवला."

ते वळले नाहीत. क्वार्टर संपेपर्यंत तसेच उभे राहिले आणि मी त्यांना मागून सांगत राहिले: अडवला, बाहेर गेला, एक गोल झाला, पुन्हा अडवला. त्यांचे कान लाल झाले होते. शिट्टी वाजली तसा हेंकने ड्रम उलटा केला आणि स्टँड असा फुटला की काचेमागे एक प्रायोजक हातातली बशी घेऊन उभाच राहिला. तिसऱ्या क्वार्टरला मित्रा पुन्हा आमच्यासमोर आली. काकांनी ओरडायला छातीभर श्वास घेतला, पण तिचं ओरडणं आधीच चालू होतं. त्यांनी तो श्वास हळूच सोडून दिला.

सामना आम्ही एका गोलने हरलो. दोन दिवसांनी मार्लूसचा फोन आला, "आठच. एका वर्षासाठी." मी म्हटलं, लेखी पाठव. मित्राला नवा करार मिळाला. कोचने तिला एवढंच सांगितलं म्हणे, की अखेर तुझा आवाज ऐकला. सामन्याच्या दिवशी परतताना गाडीत बसताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, यापुढे मागून सांगू नका. दोन आवाज आले की माझा गोंधळ होतो." काका म्हणाले, "बरं." हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. घरापर्यंत ते आणखी काही बोलले नाहीत, म्हणून काकू घाबरल्या होत्या.

नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्याला आठ युरोंचा स्टँड तुडुंब, हेंकचा ड्रम नव्या कातड्याचा, आणि काकांचा पत्ता नाही. मित्रा आमच्यासमोरच्या गोलमध्ये उभी होती. हेंकनेच बोट दाखवलं. बाजूच्या काचेच्या स्टँडमध्ये, गादीच्या खुर्चीवर, दोन कोटवाल्यांच्या मधे काका बसले होते. त्या जागेचं तिकीट अठ्ठावीस युरो. "गद्दार!" हेंक गरजला. लोक हसले, पण काहींना ते लागलंही. मंडळातल्या एकाने विचारलं, "पोरगी पक्की झाली की माणूस गादीवर बसतो का हो?"

मध्यंतरात मी तिकडे गेले. मालकांनी पास दिला असेल अशी शंका होती. काकांनी माझा चेहरा बघून खिशातलं तिकीट काढून दाखवलं. विकत घेतलेलं.

"काका, आपण कशासाठी भांडलो? आणि तुम्ही इथे?"

"तिथून ती हाताच्या अंतरावर दिसते, ताई. आणि तोंड काही बंद राहत नाही. पत्र्याकडे बघत किती सामने काढू?"

"आणि इथे राहतं बंद?"

"इथे कशाला बंद ठेवायचं? काच आहे ना."

ते वर्ष त्यांचं इथलं शेवटचं ठरलं. कंपनीने कार्गोचं काम बेल्जियमला हलवलं, काका-काकू तिकडे गेले, मित्रा लायडनला राहिली. त्या वर्षी एकही सामना त्यांनी चुकवला नाही आणि एकदाही आमच्या स्टँडमध्ये पाऊल टाकलं नाही.

हंगामाच्या त्या पहिल्या सामन्यात मध्यंतर संपल्यावर मी दाराशीच थांबून थोडा खेळ पाहिला. मित्रा पुन्हा जवळच्या टोकाला होती. गोलमागून एक मुलगी पळत आली तसे काका खुर्चीतून उसळले. शेजारच्या कोटवाल्याच्या पेल्यातली वाइन त्याच्या शर्टावर गेली.

"डावी, मित्रा! डावी!"

काचेपलीकडे मित्रा उजवीकडे झेपावली आणि चेंडू अडवला.