उमरेड ते नागपूर, निमज्यांच्या टीव्हीवर

"वहिनी, एक विचारू का? नदीले पूर आहे. नावाडी म्हणते, पहिले माह्यं गाणं ऐक, मंग नावेत बस. अन् गाते तो भलता बेसूर. तुम्ही काय करान?"

लग्न होऊन साताऱ्याहून मी कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आले, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. दुधाच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी ओळखपाळख नसताना हा प्रश्न विचारला. चेहरा इतका गंभीर, की नदी खरोखर पलीकडच्या गल्लीत आली असावी. मी घाबरत म्हणाले, "ऐकेन की. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी नाव सोडायला सांगेन." ते एवढ्या मोठ्यानं हसले की सगळी रांग वळून पाहू लागली. "वा! हे आजच टाकतो," असं म्हणून ते घराकडे धावले. दूध राहिलंच.

संध्याकाळी यजमानांनी उलगडा केला. ते आमचे शेजारी दिवाकर निमजे. नोकरी कंट्रोल रूममध्ये, आणि उरलेला सगळा वेळ खेळ बनवण्यात.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. निमज्यांच्या आखाती देशात नोकरीला असलेल्या मेहुण्यानं एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. फुटपट्टीएवढ्या रुंदीचा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, मग बराच वेळ कुणीतरी पत्रा कापत असल्यासारखा आवाज यायचा आणि एकदाची काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. वीज केंद्राच्या वसाहतीतही वीज जायचीच. ती गेली की सगळं पुसून पुन्हा पत्रा कापण्यापासून सुरुवात. निमज्यांची बायको कुसुमताई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "माह्या मालिकेच्या टायमाले बराबर यांच्या नदीले पूर येते."

मेहुण्यानं सोबत परदेशी खेळही पाठवले होते. विमानं पाडायची, राक्षस मारायचे. निमजे दोन रविवार ते खेळले आणि कंटाळले. मग पुस्तकं वाचून, चुकत-माकत, त्यांनी स्वतःचा खेळ लिहायला घेतला. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नसत, म्हणून भाषा वऱ्हाडी आणि लिपी इंग्रजी. खेळ सुरू झाला की पडदा विचारायचा, "तू कोण?" विणकराचा पोरगा, बांगड्या विकणारी बाई की परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, यांतला एक व्हायचं आणि उमरेडहून नागपूरला पायी निघायचं. वाटेत माणसं भेटत. कुणी पाणी मागे, कुणी खोटा रस्ता सांगे, कुणी नुसतंच कारण विचारी, "काहून चालला गा?" त्यांच्याशी कसं बोलायचं ते आपण ठरवायचं. नागपुरातलं सक्करदऱ्याचं तळं आलं की खेळ संपला.

पहिल्यांदा खेळले तेव्हा मी नापास विद्यार्थी झाले आणि कुणाकडे लक्ष न देता तरातरा चालत सुटले. चहा निवायच्या आत तळ्यावर पोहोचलेसुद्धा. मला वाटलं, जिंकले. पडद्यावर आलं, "पोहोचला. भेटलं कोण?"

मी ओशाळून निमज्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाहा वहिनी, पोहोचाले तर बस आहे. इथं रेंगाळाचं असते."

मग मी रेंगाळायला शिकले. नवख्या गावात मला फारशी माणसं ओळखीची नव्हती. त्या खेळात मात्र मी रोज दुपारी माणसांना भेटू लागले. आणि गंमत म्हणजे ती वसाहतीतलीच माणसं होती. पाणी मागणारी म्हातारी आमच्या पोस्टमास्तरांसारखी बोलायची, कारण तिचं उत्तर पोस्टमास्तरांनी दिलेलं होतं. नावाड्याला कुणी "दुसऱ्या कडव्याच्या आधी नाव सोड" असं म्हटलं की तो रुसून वल्हं खाली ठेवायचा. तिथं मी एकटीच हसत बसे.

नागपूरच्या बाजारपेठेत, बर्डीवर, तेव्हा व्हिडिओ गेमचं एक दुकान निघालं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याचा मालक कोराडीला येऊन खेळ पाहून गेला. त्याला तो आवडला, पण अर्धाच. "निमजेजी, दिमाग तो है आपका. लेकिन इसमें थोडी मारधाड डालो. बच्चा लोग बोर हो जाता है. डालो, फिर मेरे यहाँ लगाते हैं."

निमजे हरखले. आपला खेळ बर्डीवर, अनोळखी माणसं रांगेत उभी, असं सगळं त्यांना दिसू लागलं. त्यांनी वाटेतल्या पाचगावच्या अलीकडे एक लुटारू बसवला. पहिला खेळ कुसुमताईंना दिला. त्या बांगडीवाली होऊन निघाल्या आणि लुटारूनं त्यांचा सगळा माल घेतला.

"हे काय? माह्याच घरात मलेच लुटता?"

"तलवार काढ ना वं!"

"बांगड्या विकणाऱ्या बाईजवळ तलवार कुठून येईन?"

तरी लुटारू राहिला. दुकानदार महिनाअखेरीस येणार होता.

त्याच सुमारास निमज्यांचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उमरेडहून आले. आयुष्यभर हातमाग चालवलेला माणूस. निमज्यांनी माग सोडून नोकरी धरली तेव्हापासून बापलेकांत बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. भांडण नव्हतं. नुसती शांतता होती, आणि ती दोघांनाही सवयीची झाली होती.

नवा चष्मा आला त्या रविवारी दुपारी म्हाताऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, त्या डब्यात तुम्ही सारे काय पाहून राहता वं?"

कुसुमताईंनी मला हाक मारली. म्हाताऱ्यांना इंग्रजी अक्षरं येत नसत, म्हणून मी वाचायचं आणि ते सांगतील ते बटण दाबायचं असं ठरलं. निमजे एकाएकी "मी पेपर पाहतो" म्हणत बाहेर गेले.

म्हातारे विणकराचा पोरगा झाले. उमरेडच्या शेवटच्या घरात एक म्हातारा माग चालवत बसलेला असे. आम्ही सगळे घाईत त्याला ओलांडून पुढे जात असू. निमज्यांचे वडील म्हणाले, "असं कसं? न विचारता निघाचं? विचारा त्याले, जाऊ का म्हणून."

मी बटण दाबलं. पडद्यावर जे आलं ते मीही कधी पाहिलं नव्हतं. मी थबकले, पण ते वाट पाहत होते. वाचावंच लागलं. "जाय. पण गेला तर परत येऊ नको."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला.

"हे कोणं लिहिलं?"

"तुमच्याच लेकानं, मामंजी," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

"दिवाकर! इकडं ये गा."

निमजे दारात आले. पेपर उलटा धरलेला होता.

"मी असं म्हणलो होतो?"

"नाही बाबा."

"मंग?"

"तुम्ही काहीच म्हणले नाही. मी जातो म्हणलो, तुम्ही माग चालवतच राहिले. मान वर नाही केली. म्हून मीच आपलं..."

म्हातारे चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. "मान कशी वर करू? रडून राहिलो होतो. पोरासमोर बापानं रडाचं काय?" मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बदलवता येते का?"

"येते."

"लिही मंग. जाय म्हणा. भाकर बांधून देतो म्हणा. धुतलेला सदरा घालजो. साहेबासंगं हुज्जत करू नको. दिवाळीले ये. होळीले ये. मधातच आठवण आली तरी ये, कोण अडवते? अन् थंडीत कान बांधत जाय, लहानपणापासून तुले..."

निमजे भराभर टाइप करत होते, डोळे पुसत होते, आणि मध्येच त्यांना हसू फुटलं. "बाबा, थांबा! मशीनीत जागा नाही राहिली. इतकं नाही मावत."

"काहून नाही मावत? दुसरं काही काढ."

निमज्यांनी क्षणभर विचार केला आणि लुटारू काढून टाकला. पूर्ण, तलवारीसकट.

महिनाअखेरीस दुकानदार आला आणि वैतागून गेला. "निमजेजी, ये तो और भी सीधा कर दिया!" निमजे त्याला चहा देत म्हणाले, "भाऊ, राक्षस मारणारे खेळ लोक बनवूनच राहिले. उमरेडचा रस्ता दुसरं कोण बनवन? दहाच माणसं खेळतील. खेळू दे. पण त्याईले आपलं म्हणणारं कोणीतरी भेटन." खेळ बर्डीवर गेलाच नाही.

पुढे निमज्यांची बदली चंद्रपूरला झाली. तो कॉम्प्युटर बिघडला, त्याचा सुटा भाग मिळेना, आणि तो कायमचा बंद पडला. त्यांचा खेळ खेळलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि त्यांतली मी एक. आज नातवंडं मोठमोठे, झगमगीत खेळ खेळतात. मध्येच एखादा साधा, कुणा एकट्यानं बनवलेला, नाव न ऐकलेला खेळ त्यांच्या हाती लागतो. तेव्हा मी चष्मा लावून शेजारी जाऊन बसते. आत कुणी माणूस राहतो आहे का, ते मला पटकन कळतं. निमज्यांनी शिकवलेलं हेच.

पण त्यांची आठवण येते ती त्या रविवारच्या संध्याकाळची. बदललेला खेळ पुन्हा सुरू केला होता. निमजे आपला खेळ तपासायचे, खेळायचे मात्र कधीच नाहीत. त्या दिवशी ते पहिल्यांदा खेळायला बसले. विणकराचा पोरगा झाले, शेवटच्या घरापाशी थांबले, विचारलं, "जाऊ का?" मग बापाचं ते लांबलचक बोलणं ओळ ओळ करत पडदाभर उमटलं. मागे खाटेवर म्हातारे फुटाणे खात बसले होते. शेवटी प्रश्न आला, "निघाचं का?"

निमज्यांनी "नाही" दाबलं.

"नाही"ला उत्तर त्यांनी लिहिलेलंच नव्हतं. कुणी नाही म्हणेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्र बिचारं पुन्हा तेच विचारू लागलं, "निघाचं का?" निमज्यांनी पुन्हा "नाही" दाबलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा "नाही". कुसुमताई हसू लागल्या, मी हसू लागले. म्हाताऱ्यांनी फुटाण्यांची पुडी पुढे केली. निमज्यांनी डावा हात मागे नेऊन मूठभर फुटाणे घेतले आणि उजव्या हातानं "नाही" दाबत राहिले.